केप्लर संपली!



दिवाळीच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे मसाटला आला होता. बारावीत आहे, ताईच्या मनात त्याचं इंजिनिअरिंग. चकली तोंडात धरूनच म्हणाला, "मामा, केप्लर संपली." मला वाटलं, कुठली तरी मालिका संपली असेल.

तर केप्लर म्हणजे नासाची अवकाशातली दुर्बीण. मार्च २००९ मध्ये सोडलेली. काम दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधायचं. ग्रह समोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो, तेवढं टिपायचं. किंचित म्हणजे किती? आपली पृथ्वी सूर्यासमोरून गेली तर दहा हजारांत एक भागही घट होत नाही! अशा हिशेबाने तिने २६०० हून जास्त ग्रह शोधले. ३० ऑक्टोबर २०१८ ला नासाने जाहीर केलं, इंधन संपलं.

मी कारखान्यात मेंटेनन्सला, त्यामुळे मला गोडी लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. दुर्बीण स्थिर धरायला तिच्यात चार फिरती चाकं होती, त्यातली तीन तरी लागतात. २०१२ मध्ये एक गेलं, मे २०१३ मध्ये दुसरं. तिथे फिटर पाठवणार कसा? मग त्यांनी दुर्बीण अशी वळवली की अंगावर पडणाऱ्या उन्हाच्या दाबानेच तिचा तोल राहील. (हो, उजेडालाही दाब असतो. मलाही आत्ताच कळलं.) त्यावर ती आणखी चार वर्षं चालली. आम्ही असं काही केलं की साहेब त्याला जुगाड म्हणतात!

२०१८ च्या जुलैमध्ये इंधन कमी झाल्याचं कळताच काम थांबवून आधी साठलेली माहिती पृथ्वीवर उतरवून घेतली, मग उरलेल्या इंधनावर पुन्हा सुरुवात. १५ नोव्हेंबरला शेवटची आज्ञा गेली आणि ट्रान्समीटर बंद झाले. आता ती सूर्याभोवती मुकाट फिरत राहील.

"मी शिकून तयार होईपर्यंत शोधायला उरेल काय?" भाचा हिरमुसून म्हणाला.

मी त्याला जूनमधली बातमी काढून दाखवली. केप्लरला एका ताऱ्याचा उजेड कमी होताना दिसला होता. पण तेवढ्याने ग्रह ठरत नाही, ताऱ्यांची जोडीही तसाच चकवा देते. अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेतल्या अभिजित चक्रवर्ती यांच्या गटाने माउंट अबूला, गुरुशिखरावरच्या १.२ मीटरच्या दुर्बिणीवर 'पारस' यंत्र लावून तो तारा वर्षभराहून जास्त तपासला. ताऱ्याच्या हेलकाव्यावरून वस्तुमान काढलं, पृथ्वीच्या सुमारे २७ पट. ग्रहच निघाला! अंतर ६०० प्रकाशवर्षं, आणि तिथलं वर्ष आपल्या साडेएकोणीस दिवसांचं.

तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "वापीहून अहमदाबादला किती तास लागतात?"

काल ताईचा फोन होता. "तू त्याला काय सांगून ठेवलंयस? बीएस्सी फिजिक्सचे फॉर्म शोधतोय!"

मी म्हटलं, चकल्या छान झाल्या होत्या.