उंची मोजता, तसे चाकांचे कोनही मोजा: बदललेल्या सस्पेन्शनबाबत मागणीपत्र

प्रति,
वाहतूक मंत्री, न्यूझीलंड ट्रान्सपोर्ट एजन्सी वाका कोताही, लो व्हॉल्यूम व्हेइकल टेक्निकल असोसिएशन

आम्ही न्यूझीलंडमधले मराठी वाहनमालक आणि गॅरेजवाले. आमच्यापैकी कुणी जपानहून आलेली जुनी गाडी खाली घेतली आहे, कुणी शेतावर जाण्यासाठी युट उंच केली आहे. नियम नकोत, असे आमचे म्हणणे नाही. ते अर्ध्यावर थांबतात, ही आमची तक्रार आहे.

मोठा बदल केला की लो व्हॉल्यूम व्हेइकल (एलव्हीव्ही) प्रमाणपत्र लागते आणि त्याची पट्टी गाडीवर बसते. हे योग्यच आहे. पण पुन्हा बदल केला नाही, तर ती पट्टी गाडीच्या आयुष्यभर चालते; बुश आणि बॉलजॉइंट मात्र तेवढे टिकत नाहीत. वॉरंट ऑफ फिटनेसमध्ये टायरची नक्षी 1.5 मिमी आहे का, सांधे ढिले आहेत का, हे पाहतात. अलाइनमेंट यंत्रावर कोन मोजणे त्यात येत नाही. त्यातच 2014 च्या बदलानंतर 2000 पासून नोंदलेल्या गाड्यांची तपासणी सहामाहीऐवजी वार्षिक झाली. टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) बिघडलेला असेल, तर तेवढ्या काळात टायर आतून खाऊन तारा दिसू लागतात. बाहेरून टायर नवाच वाटतो.

म्हणून मुख्य मागणी: स्प्रिंग, स्ट्रट किंवा कमानपाटे बदलून उंची बदलली, तर बदल प्रमाणपत्राच्या मर्यादेखालचा असला तरी आधीच्या आणि नंतरच्या अलाइनमेंटचा छापील कागद गाडीच्या नोंदीत असावा. पट्टीच्या गाड्यांसाठी तो ठरावीक मुदतीने नवा करावा. नवे प्रमाणपत्र नको, कागद पुरे.

उंच केलेल्या गाडीत धोका वेगळा असतो. कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कललेला कोन) घटला की गाडी हायवेवर भरकटते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ होत नाही. जिमनीसारख्या अखंड आसाच्या गाडीत पॅनहार्ड रॉडमुळे आस एका बाजूला सरकतो. अनेक जुन्या युटमध्ये मागच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह आसाच्या अंतरावरून वजन ओळखतो. चेसिस उंचावली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि भरलेल्या गाडीतही तो मागचे ब्रेक कमी लावतो. अलाइनमेंटचे यंत्र ब्रेकमधला हा बदल दाखवत नाही. म्हणून लिफ्ट किट विकणाऱ्याने कॅस्टर बुश, लांब ब्रेक होज आणि या व्हॉल्व्हची जुळणी यांपैकी काय लागेल, ते खोक्यावरच लिहिणे सक्तीचे करावे. आज ग्राहकाला फक्त ‘दोन इंच’ दिसतात.

आता सदोष गाडीवर पोलीस लावतात त्या स्टिकरविषयी. गाडी खाली आहे म्हणजे चालवणारा रात्री रस्त्यावर शर्यत लावणाराच, हा समज रस्त्यावरच्या शर्यतींविरुद्धच्या 2003 च्या कायद्याच्या आधीपासूनचा आहे. आमच्यातले काही तर नातवंडांना शाळेत सोडतात. जमिनीपासूनची किमान उंची 100 मिमी आहे. मग हिरवा किंवा गुलाबी स्टिकर लावताना मोजलेला आकडा आणि मोजल्याची जागा नोटिशीत लिहावी. ‘खूप खाली’ हे मोजमाप नव्हे.

देशातले सुमारे एक तृतीयांश रस्ते अजून कच्चे आहेत, आणि तिथल्या खडीने अलाइनमेंट लवकर बिघडते. मोठ्या शहरांपासून दूर राहणाऱ्यांसाठी, निदान वेस्ट कोस्ट आणि साउथलंडमध्ये, प्रमाणपत्र देणाऱ्या तपासनिसांच्या फेऱ्या आधी तारीख जाहीर करून ठेवाव्यात. नवा कागद सक्तीचा करण्यापूर्वी ही सोय व्हावी, नाहीतर नियम पाळणाऱ्यालाच दिवसाची मजुरी बुडवावी लागेल.