शाळेच्या पायाखालचे पाणी

आज २२ मार्च, जागतिक जलदिन. बऱ्हाणपूरच्या शाळांतून आज प्रभातफेऱ्या निघतील, घोषणा होतील, निबंधांना बक्षिसे मिळतील. मुले हे मनापासून करतात. पण या गावाने एवढ्यावर थांबावे, हे आम्हाला पटत नाही.

ज्या रहीमचे दोहे मुले हिंदीच्या तासाला पाठ करतात, त्याच अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५च्या सुमारास, इथे कुंडी भंडारा बांधला गेला. योजना फारसी भूशास्त्रज्ञ तबकुतुल अर्ज यांची. सातपुड्यावरचा पाऊस पायथ्याच्या दगडगोट्यांच्या, वाळूच्या थरांत मुरतो आणि जमिनीखालून तापीकडे सरकतो. ते पाणी वाटेतच भुयारात घ्यायचे, भुयाराला बेताचा उतार द्यायचा आणि वर शंभरेक कुंड्या (उभ्या विहिरी) खोदायच्या, म्हणजे हवा खेळती राहते आणि गाळही काढता येतो. ना मोट, ना पंप. चारशे वर्षांनंतरही हे पाणी वाहते आहे. २०२४मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचे नाव गेले. भूगोल, विज्ञान, गणित आणि इतिहास एकाच ठिकाणी शिकवणारी अशी प्रयोगशाळा किती जिल्ह्यांना लाभली असेल?

जुलै २०२२मध्ये ‘हर घर जल’ प्रमाणपत्र मिळवणारा बऱ्हाणपूर हा देशातला पहिला जिल्हा ठरला. त्याचा अभिमान आहेच. पण नळाला पाणी येते कुठून, हे त्या घरातल्या सातवीच्या मुलीला ठाऊक हवे. तिच्या वडिलांची केळीबाग ज्या बोअरवर उभी आहे, तो बोअरही जमिनीखालच्याच साठ्यातून पाणी ओढतो. मे २०२५मध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राने तापी महापुनर्भरण प्रकल्पाचा करार केला, तोही जमिनीत पाणी जिरवण्यासाठीच. सीमेपलीकडच्या रावेर-यावलच्या शेतकऱ्यांना पाणी खोल जाण्याचे दुखणे नवे नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्येच पर्यावरण हा विषय शाळांत सक्तीने शिकवायला सांगितले. विषय आला आणि पुष्कळ ठिकाणी गुणपत्रिकेतला एक रकाना होऊन बसला. शाश्वत विकासाची व्याख्या पाठ करून कोणाची विहीर भरत नाही. उपसा किती आणि भरणा किती, हा हिशेब मुलाने स्वतःच्या हाताने मांडला, तर तो घरी जाऊन वडिलांना ठिबकबद्दल विचारील आणि वडिलांना उत्तर द्यावे लागेल.

एप्रिलमध्ये नवे सत्र सुरू होते. प्रत्येक शाळेने गावातली एक विहीर निवडावी. उन्हाळ्यात आणि पावसाळा सरल्यावर मुलांनी तिची पातळी मोजावी, आलेख शाळेच्या भिंतीवर लावावा आणि ग्रामसभेत वाचून दाखवावा. वर्षातून एकदा त्यांना कुंडी भंडाऱ्यात उतरवावे, पण सहल म्हणून नव्हे, वही-पेन्सिल घेऊन. यावर परीक्षा नको. शिक्षण विभागाने शाळेला एक मोजपट्टी आणि नोंदवही द्यावी आणि शिक्षकाला आठवड्यातून एक मोकळा तास.