जुने ते सोने, पण कसोटीवर घासूनच!

मोबाईलच्या या जमान्यात रोल घालून फोटो काढणे म्हणजे निव्वळ वेड, असे कोणी म्हणेल. पण हे वेड वाढते आहे खरे. कुणाच्या काकांच्या कपाटातला, कुणी जुन्या बाजारातून घासाघीस करून आणलेला कॅमेरा आज तरुणांच्या गळ्यात दिसतो. रोलमधले ३६ फोटो विचार करून खर्चावे लागतात, आणि विचार करायला लावणारी कोणतीही गोष्ट विद्यार्थ्याला हितकारकच असते. तेव्हा या वेडाविरुद्ध मला काही म्हणायचे नाही. माझा आक्षेप आहे तो कॅमेऱ्यासोबत स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या फ्लॅशविषयीच्या आपल्या बेफिकिरीवर.

कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत फ्लॅश बसला की तो चाललाच पाहिजे, असा एक पक्का समज आपल्याकडे आहे. विकणाराही तेच सांगतो. "हा फ्लॅश या कॅमेऱ्याला चालेल का?" असे मी एका दुकानात विचारले, तेव्हा "बसतोय ना, मग चालतोय!" एवढेच उत्तर मिळाले. लग्न जुळवताना सात पिढ्यांची चौकशी करणारे आपण, इथे मात्र पाटाचे माप जुळले की अक्षता टाकून मोकळे होतो!

वस्तुस्थिती काय आहे? फ्लॅशमध्ये आपण दीड व्होल्टचे चार पेन्सिल सेल घालतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पण आतील सर्किट या ६ व्होल्टचे सुमारे ३०० व्होल्ट करते आणि ती वीज कपॅसिटरमध्ये साठवते. शटर उघडताच कॅमेऱ्यातील दोन संपर्क जुळतात आणि फ्लॅश उडतो. जुन्या काळच्या कित्येक फ्लॅशमध्ये या संपर्काच्या टोकावरच २०० व्होल्टांहून अधिक दाब असे. त्या वेळच्या यांत्रिक कॅमेऱ्याला त्याचे फारसे काही वाटत नसे, कारण आत नुसत्या धातूच्या पट्ट्या. पुढे कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक्स शिरले. १९७६ साली आलेल्या कॅनन एई-१ मध्ये तर मायक्रोप्रोसेसर होता. अशा नाजूक सर्किटावर २०० व्होल्ट सोडणे म्हणजे मुंगीवर मुसळ मारणे होय.

कोणी म्हणेल, "माझ्या मित्राचा तर चालला!" चालला असेल. पण १९९२ च्या आयएसओ १०३३० या मानकात ही मर्यादा २४ व्होल्ट आहे, तर निकॉनच्या अनेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या पुस्तिकांत ती २५० व्होल्ट दिलेली आढळते. म्हणजे एकाला जे पचते ते दुसऱ्याला विष ठरू शकते. फ्लॅशचे नाव पाहूनही भागत नाही. व्हिविटार २८३ हा गाजलेला फ्लॅश घ्या. त्याच्या सुरुवातीच्या नगांत हा दाब २०० व्होल्टांच्या वर सापडतो, तर नंतरच्या नगांत दहाच्याही आत. नाव तेच, रूप तेच, गुण मात्र निराळे!

उजेडासाठी जोखीम पत्करणे छायाचित्रकारांना नवे नाही. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची फ्लॅशपूड निघाली. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतील अंधार जगाला दाखवणाऱ्या जेकब रीस यांच्या हातून त्या पुडीने घराला आग लागल्याचे प्रसंग घडले. पण तो धोका डोळ्यांना दिसत होता, त्याला धूर होता, ज्वाळा होती. आजचा धोका मुका आहे. कॅमेरा पहिल्याच फोटोला बंद पडेल असेही नाही. कधीतरी मुकाट्याने त्याचा प्राण जातो, आणि आपण म्हणतो, "जुनाच होता, गेला!"

"आपण कला शाखेचे, आपल्याला व्होल्टचे काय करायचे?" हा प्रश्न मला मुळीच मान्य नाही. माझे वडील विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतात. त्यांनी कॉलेजची पायरी पाहिलेली नाही, पण टेस्टर लावल्याशिवाय ते कोणत्याही तारेला बोट लावत नाहीत. मापावे आणि मग जोडावे, हे शहाणपण पदवीवर अवलंबून नसते.

आणि ते मापणे अगदी सोपे आहे. फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा ठेवून नवे सेल घालावेत आणि तयारीचा दिवा लागू द्यावा. डिजिटल मल्टिमीटर डीसीच्या ५०० किंवा ६०० व्होल्टवर ठेवून लाल टोक पायाच्या मधल्या बिंदूला आणि काळे टोक बाजूच्या धातूला लावावे. दोन्हींना बोटे लावू नयेत. हात निसटला तर फ्लॅश उडतो, म्हणून तोंड दूर ठेवावे. आकडा २४ च्या वर गेला, तर कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत तेवढी परवानगी असल्याखेरीज तो फ्लॅश थेट जोडू नये. मधे बसवायचे दाब रोखणारे अ‍ॅडॉप्टर मिळतात, ते वापरावे. फ्लॅश उघडण्याचा मोह तर टाळावाच, कारण सेल काढल्यावरही कपॅसिटर झटका देऊ शकतो. काम झाल्यावर सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते गळून आतले धातू खातात. आणि बारशाला गेलात तर बाळाच्या तोंडाजवळ फ्लॅश उडवू नका; तो छताकडे वळवा, फोटोही मऊ येतो.

माझे म्हणणे इतकेच की, हे ज्ञान इंग्रजी पुस्तिकांत आणि जाणत्यांच्या खिशात कोंडून राहू नये. ज्यांना नवी सामग्री परवडते त्यांची चिंता नाही. लग्नसराईत फोटो काढून फी भरणाऱ्या मुलाचा मागून आणलेला कॅमेरा गेला, तर एक वस्तू नव्हे, एक वर्ष जाते! आमच्यासारख्यांच्या घरी ती पुस्तिका समजावून सांगणारे कोणी नसते. म्हणून माझी नम्र सूचना आहे. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेने आठवड्यातून एक तास कला शाखेसाठी मल्टिमीटर खुला करावा, आणि जो जो फ्लॅश तपासला जाईल त्याच्यावर त्याचे व्होल्ट लिहून चिठ्ठी डकवावी, मराठीत. प्राध्यापकांनी हे मनावर घेतले तर खर्च म्हणाल तर कागद आणि डिंकाचा!

सोनारसुद्धा ओळखीच्या घरचे सोने कसोटीवर घासल्याशिवाय घेत नाही. त्यात अविश्वास नसतो, सोन्याचाच मान असतो.

(द्वितीय वर्ष, कला)