दोन नावांची एकच शास्त्रज्ञ



आपल्या समाजात पदवीधर मुलगा किंवा मुलगी ही आता नवलाई राहिलेली नाही. एम. एस्सी. होऊन पीएच. डी.ला नाव नोंदवलेली मुले-मुली आपल्या डोंगरी भागातही भेटतात. कुणी जीवरसायनशास्त्र घेतो, कुणी रेण्वीय जीवशास्त्र. अशी मुलगी सुट्टीला घरी येऊन म्हणते, "माझा पेपर आला." आईबापांना वाटते, परीक्षेचा पेपर आला असेल. ती पुढे म्हणते, "त्याला चार सायटेशन मिळाली." मग सारे घर नुसते मान डोलावते.

या शब्दांचा अर्थ घरातल्या वडीलधाऱ्यांनाही कळला पाहिजे. याच आकड्यांवर उद्या मुलांची फेलोशिप, नोकरी आणि बढती ठरते. आणि याच आकड्यांच्या नावाखाली त्यांची फसवणूकही होते. म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

सायटेशन म्हणजे संदर्भाचा उल्लेख. बाबासाहेबांचा १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ उघडून पाहा. पानांच्या तळाशी बारीक टाइपात टिपा आहेत. कोणती गोष्ट कोणत्या अहवालातून, कोणत्या पुस्तकातून घेतली, त्याची ती नोंद आहे. दुसऱ्याचे घेतले तर त्याचे नाव सांगायचे, हा विद्वत्तेतील प्रामाणिकपणा होय. शास्त्रातही तसेच चालते. संशोधक आपले काम नियतकालिकात छापतो. छापण्यापूर्वी त्याच विषयातील जाणकार ते तपासतात. पुढे दुसऱ्या संशोधकाने आपल्या निबंधात त्या कामाचा आधार घेतला, की पहिल्याच्या खात्यावर एक उल्लेख जमा होतो.

हे जमाखर्चाचे पुस्तक घातले यूजीन गारफिल्ड या अमेरिकन गृहस्थाने. त्यांचे पहिले शिक्षण रसायनशास्त्राचे. अमेरिकेतील वकिलांकडे १८७३ पासून एक सूची होती. एखादा निकाल पुढे कोणकोणत्या निकालांत आधाराला घेतला गेला, हे तीत पाहता येई. तीच रीत शास्त्राला लावावी, असे गारफिल्ड यांनी १९५५ साली सुचवले आणि १९६४ पासून फिलाडेल्फियाहून त्यांची सूची निघू लागली. हेतू असा, की एका निबंधाचा धागा धरून पुढचे काम शोधता यावे. पुढे मात्र लोक त्याच सूचीने माणसे मोजू लागले. २००५ साली हर्श नावाच्या शास्त्रज्ञाने आणखी एक अंक काढला. ज्याच्या १० निबंधांना प्रत्येकी निदान १० उल्लेख मिळाले, त्याचा अंक १०. आज मुलाखतीच्या टेबलावर हा अंक विचारला जातो.

आता हे माप आपल्या महाराष्ट्रातील एका थोर बाईंना लावून पाहू.

कमला भागवत यांचा जन्म १९११ चा. लेखिका दुर्गाबाई भागवत यांच्या त्या धाकट्या बहीण. वडील आणि चुलते दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. कमलाबाई १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी.ला पहिल्या आल्या आणि त्यांनी त्याच बंगळूरच्या संस्थेत अर्ज केला. नोबेल मिळालेले सर सी. व्ही. रामन तेथे संचालक होते. बाई म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई तडक बंगळूरला गेल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत हटल्या नाहीत. अखेर अटी घालून घेतले: पहिले वर्ष चाचणीचे, आणि त्यांच्या असण्याने पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये. ज्या घरात दोन शास्त्रज्ञ, त्या घरच्या मुलीला ही वागणूक. मग ज्या मुलीच्या घरात कुणी प्रयोगशाळा पाहिलेली नाही, तिने दाराशी किती वेळ उभे राहायचे, याचा विचार आपणच करावा.

बंगळूरला त्यांनी दूध आणि डाळींतील प्रथिनांवर काम केले. पुढे केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते, हे त्यांनी दाखवले. हे द्रव्य पेशींच्या श्वसनात भाग घेते. रॉबिन हिल यांच्याबरोबरचा त्यांचा निबंध १९३९ साली 'नेचर' या नियतकालिकात आला. त्याच वर्षी त्यांना पीएच. डी. मिळाली. केंब्रिजची विज्ञानातील पीएच. डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. प्रबंध होता अवघा ४० पानांचा! जाडजूड प्रबंध बांधून घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

१९४७ मध्ये श्री. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या. संचालकपद मात्र, हक्क असूनही, उशिरा मिळाले. येथे त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन गरिबांच्या ताटातले पदार्थ प्रयोगशाळेत आणले: कडधान्ये, भाताचे पीठ, नीरा.

१९५५ साली सहकाऱ्यासह त्यांचा आणखी एक निबंध 'नेचर'मध्ये आला. विषय काय, तर आपला वाल! प्रथिने पचवणारा ट्रिप्सिन नावाचा रस आपल्या पोटात असतो. त्याचे काम अडवणारे द्रव्य कच्च्या वालात असते. ते द्रव्य त्यांनी वाल आणि डबल बी यांतून स्फटिकरूपात वेगळे काढले. वाल भिजत घालून, मोड आणून, सोलून, नीट शिजवून खायचे, ही आपल्या आजीची रीत. नीट शिजवल्याने त्या द्रव्याचा जोर बराचसा मोडतो. आजीला रीत ठाऊक होती; कमलाबाईंनी तिच्यामागचे एक कारण हाती दिले.

नीरेवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. तिच्यातील क जीवनसत्त्व आणि लोह मोजले. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ती उपयोगी पडते, हे दाखवले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. १९९८ साली त्या वारल्या.

आता त्यांचे खाते पाहा. १९३९ चा निबंध 'के. भागवत' या नावावर. १९५५ चा 'के. सोहोनी' या नावावर. सूचीत आडनाव आणि आद्याक्षर एवढेच पाहिले, तर या दोन निरनिराळ्या व्यक्ती ठरतात. त्यात भागवत हे नाव इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहितात. एका बाईच्या आयुष्याच्या कामाची अशी वाटणी होते. नीरा पिऊन ज्या गरोदर बाईचे रक्त भरले, ती कुठल्या नियतकालिकात उल्लेख करणार? तो जमेचा आकडा कुठेच लागत नाही.

हा प्रश्न आपल्या घरचाही आहे. आपल्यातील कित्येकांनी गॅझेटमध्ये देऊन आडनाव बदलले आहे. लग्नानंतर मुलींची नावे बदलतात. दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे. अशा मुला-मुलींचे निबंध दोन-तीन खात्यांत विखुरले जातात. यावर उपाय आहे. २०१२ पासून संशोधकाला ऑर्किड नावाचा १६ अंकी क्रमांक मिळतो. तो फुकट आहे. नाव बदलले तरी क्रमांक तोच राहतो. पहिला निबंध पाठवण्याआधी तो काढून घ्यावा.

आकडा लहान म्हणजे काम लहान, असे मुळीच नाही. 'नेचर'ने २०१४ साली जगातील सर्वाधिक उल्लेख मिळालेल्या १०० निबंधांची यादी केली. पहिला आला लॉरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध. त्याला ३ लाखांहून जास्त उल्लेख होते. विषय काय? द्रावणात प्रथिन किती आहे, ते मोजण्याची कृती. डीएनएच्या दुहेरी पिळाचा १९५३ चा जगप्रसिद्ध निबंध त्या १०० मध्ये नव्हताच! कारण साधे आहे. तराजू प्रत्येक दुकानदाराला लागतो, म्हणून त्याचे नाव सगळीकडे निघते. तराजू उपयोगीच, पण त्यावरून धान्य पिकवणाऱ्याची किंमत होत नाही.

उल्लेखांना वेळही लागतो. कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली 'नेचर'मध्ये दाखवले, की पटकीचे जंतू जे विष बाहेर सोडतात त्यानेच आतड्यावर परिणाम होतो. बरीच वर्षे या कामाकडे फारसे कुणी पाहिले नाही. १९८५ साली ते वारले. देशात मोठा सन्मान त्यांच्या वाट्याला आला नाही. दुसऱ्याच वर्षी त्यांच्यावर सविस्तर लेख लिहून त्यांच्या कामाचे मोल सांगितले, ते त्याच गारफिल्ड यांनी. सूची करणाऱ्यालाच सांगावे लागले, की सूचीतून माणूस लवकर दिसत नाही.

आपल्या अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरी चढल्या नाहीत. पण वाल-घेवड्याचे कितीतरी गावरान वाण त्यांनी राखले. २०२० सालच्या पद्मश्रीसाठी त्यांचे नाव आले. कमलाबाईंसारख्या शास्त्रज्ञाच्या टेबलावर जो वाल पोहोचतो, तो आधी अशाच कुणा बाईने बी म्हणून गाडग्यात जपलेला असतो. तिचे नाव निबंधाच्या टिपांत येत नाही. ते यावे, असे आपल्या संशोधक मुलांनी तरी मनावर घ्यावे. ज्या गावातून बी घेतले, ज्या वैदूकडून माहिती घेतली, त्याचा उल्लेख, त्याच्या परवानगीने, करावा. नाव न सांगता घेणे काय असते, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको.

आता फसवणुकीविषयी. निबंधांच्या संख्येला गुण मिळू लागल्यापासून पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले आहे. चार-आठ दिवसांत छापून देतो, इतके हजार भरा, असा निरोप येतो. घरात पहिल्यांदाच पीएच. डी. होत असलेला मुलगा घाबरून फेलोशिपचे पैसे भरतो. पुढे मुलाखतीत तोच निबंध त्याच्या अंगावर येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत प्रबंधापूर्वी निबंध छापण्याची सक्ती काढली. चांगल्या नियतकालिकांची आयोगाची केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली. म्हणजे पारख आता विद्यापीठाने आणि विद्यार्थ्यानेच करायची आहे. म्हणून काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१) आपल्या विद्यापीठाचा या बाबतीतला आजचा नियम लेखी मागून घ्यावा. ऐकीव माहितीवर पैसे भरू नयेत.

२) नियतकालिकातील मागचे चार अंक पाहावेत. आपले मार्गदर्शक ज्यांचे निबंध वाचतात, त्यांपैकी कुणी तेथे लिहिते का, ते पाहावे.

३) तपासणी होते का आणि तिला किती वेळ लागतो, ते विचारावे. खऱ्या तपासणीला बहुधा महिने लागतात.

४) लेखकांच्या नावांचा क्रम काम सुरू करतानाच ठरवून घ्यावा. आमच्या मुलांनी रात्रंदिवस प्रयोग करायचे आणि नाव मात्र शेवटून दुसरे, असे होऊ देऊ नये.

५) रसायन किंवा जीवशास्त्रातील आकडे गणित किंवा मराठी साहित्यातील आकड्यांशी ताडून पाहू नयेत. प्रत्येक विषयाची चाल वेगळी असते.

६) बार्टीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर फेलोशिप किंवा अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय फेलोशिप घेणाऱ्यांनी आपल्या निबंधांच्या प्रती आणि पत्रव्यवहार तारीखवार फाइलला लावून ठेवावा. कागद असेल तर भांडता येते.

एक विनंती घरच्यांना. मुलीचा निबंध छापून आला, की किती गुण मिळाले, हे विचारून थांबू नका. समाजमंदिरात एखाद्या रविवारी तिला पंधरा मिनिटे द्या. तिने काय शोधले, ते तिला आपल्या मराठीत, खडू-फळ्यावर सांगू द्या. वालात काय असते, पाण्यात काय असते, आपल्या रक्तात काय असते, हे आपल्याच मुलीच्या तोंडून ऐकायला म्हाताऱ्या माणसांनाही आवडेल. तिच्यापुढे सातवी-आठवीच्या पोरी बसलेल्या असतील. त्यांच्यातल्या एकीने उठून प्रश्न विचारला, तर त्या मुलीचे नाव आणि शाळा लिहून घ्यावी आणि तिची पुढची फी कोण भरणार, हे त्याच बैठकीत ठरवावे.