कनेक्टर कंपन्यांचे, भुर्दंड आमचा

पन्नास-साठ हजार मोजून लॅपटॉप घ्यायचा आणि तो प्रोजेक्टरला जोडण्यासाठी पुन्हा दुकानात जाऊन अ‍ॅडाप्टर विकत घ्यायचा, ही उघड लूट आहे. तिला आपण ‘तंत्रज्ञान बदलतंय’ असं गोंडस नाव दिलं आणि वर्षानुवर्षं निमूट पैसे भरत आलो. मी कोलकात्यातल्या बेहाल्यात राहतो. डायमंड हार्बर रोडच्या दोन्ही अंगांच्या शाळा-कॉलेजांत व्याख्यानांच्या निमित्ताने माझं जाणं-येणं असतं. तिथल्या सभागृहांत जे पाहतो, त्यावर गप्प बसणं आता शक्य नाही.

अशाच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांची सादरीकरणं होती. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी पानांच्या छेदांचे फोटो घेऊन आली होती, सूक्ष्मदर्शकातून स्वतः काढलेले. भिंतीतून आलेली केबल निळ्या तोंडाची, पंधरा पिनांची, म्हणजे व्हीजीए. तिच्या लॅपटॉपला फक्त दोन टाइप-सी पोर्ट. शिपाईदादांनी खणातून एक अ‍ॅडाप्टर शोधून दिला. केबलच्या टोकाची एक पिन वाकलेली होती, ती तशीच रेटून बसवली. चित्र आलं, पण हिरव्या रंगाशिवाय. व्हीजीएत लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही रंग वेगवेगळ्या पिनांवरून जातात. हिरव्याची पिन लागली नाही, की पांढरी पार्श्वभूमी गुलाबी होते आणि हिरवं पान काळंठिक्कर दिसतं. हरितद्रव्य समजावून सांगायला उभी राहिलेली ती मुलगी पडद्यावरच्या काळ्या डागांकडे बोट दाखवत बोलत राहिली. केबल हलवण्या-दाबण्यात तिचा निम्मा वेळ गेला. घंटा वाजली. ‘जोडणी आधी तपासून यायला हवी होती,’ असं परीक्षकांनी तिला सर्वांसमोर सुनावलं. केबल कॉलेजची, अ‍ॅडाप्टर कॉलेजचा, पिन कॉलेजची वाकलेली आणि बोलणी खाणार ती!

हा गोंधळ आपोआप झालेला नाही. व्हीजीए आयबीएमने 1987मध्ये पीएस/2 संगणकांबरोबर आणलं. पुढची दोन दशकं कोणताही संगणक जवळपास कोणत्याही पडद्याला बिनबोभाट जोडता येत होता. मग 2002च्या अखेरीस एचडीएमआय आलं, 2006मध्ये डिस्प्लेपोर्ट, 2008मध्ये अ‍ॅपलचं मिनी डिस्प्लेपोर्ट. मधेच मिनी एचडीएमआय आणि मायक्रो एचडीएमआय येऊन गेले. 2014मध्ये टाइप-सी आलं. डिसेंबर 2010मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोव्हो, सॅमसंग आणि एलजी यांनी मिळून जाहीर केलं, की 2015पर्यंत आम्ही व्हीजीए बंद करणार. बंद करा, हरकत नाही. तो जाडजूड कनेक्टर पातळ लॅपटॉपमध्ये बसत नाही, हे मलाही कळतं. पण भिंतींत आणि छतांत बसवलेल्या असंख्य प्रोजेक्टरांचं काय, याचं उत्तर देण्याची जबाबदारी त्यांनी कुणावर टाकली? ग्राहकावर.

यातली मुजोरी बघायची असेल तर अ‍ॅपलकडे बघा. 2016च्या मॅकबुक प्रोमधून त्यांनी एचडीएमआय काढून टाकलं आणि अ‍ॅडाप्टर वेगळा विकला. 2021मध्ये तेच पोर्ट परत आणलं आणि सुधारणा म्हणून मिरवलं. मधल्या पाच वर्षांत लोकांनी अ‍ॅडाप्टरवर घातलेले पैसे कुणी परत केले? एचडीएमआय तर मुळातच खासगी मालकीचं. वापरणाऱ्या कंपन्यांना त्यासाठी वार्षिक शुल्क आणि प्रत्येक नगामागे स्वामित्वधन भरावं लागतं. तो पैसा शेवटी आपल्याच बिलातून जातो.

सगळ्यात मोठी फसवणूक टाइप-सीची. एकच आकार, उलटसुलट कसंही घाला, आता सगळ्यांसाठी एकच केबल, असा डांगोरा पिटला गेला. प्रत्यक्षात त्या एकसारख्या दिसणाऱ्या पोर्टांतलं एक चित्र पाठवतं आणि शेजारचं पाठवत नाही. टाइप-सीमधून चित्र पाठवण्याची सोय ऐच्छिक आहे. कंपनीला वाटलं तर देते, नाही तर पैसे वाचवते. पोर्टाशेजारी तसं चिन्ह छापणंही बऱ्याच कंपन्यांना जड जातं. माणूस बेहाला चौरस्त्यावरून बस पकडून चांदनी चौक मार्केटात जातो, अ‍ॅडाप्टर घेतो, घरी येऊन लावतो आणि पडदा काळाच. दुकानदार म्हणतो, लॅपटॉपमध्ये खोट आहे. लॅपटॉपवाला म्हणतो, अ‍ॅडाप्टर हलका आहे. दोघांपैकी कुणीही लेखी काही देत नाही.

अ‍ॅडाप्टर म्हणजे नुसतं तोंड बदलणारा तुकडा, हा समजही विक्रेत्यांनी सोयीने जपलेला आहे. एचडीएमआयचा डिजिटल संकेत व्हीजीएसाठी अ‍ॅनालॉग करावा लागतो. त्यासाठी त्या इवल्याशा डबीत चिप असते आणि ती लॅपटॉपकडून मिळणाऱ्या तुटपुंज्या विजेवर चालते. स्वस्तातली चिप तापते आणि भर कार्यक्रमात चित्र जातं. शिवाय एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाणारा अ‍ॅडाप्टर उलट दिशेने चालत नाही. व्हीजीएतून आवाज जात नाही, त्यासाठी वेगळी तार लागते. यातलं काही त्या पारदर्शक पिशवीवर लिहिलेलं असतं का? बहुतेकदा बनवणाऱ्याचं नावसुद्धा नसतं.

सरकार काय करतंय? युरोपीय महासंघाने 28 डिसेंबर 2024पासून मोबाइलला आणि 28 एप्रिल 2026पासून लॅपटॉपला चार्जिंगसाठी टाइप-सी सक्तीचं केलं. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने 2022मध्ये बैठका घेतल्या आणि भारतीय मानक ब्युरोने टाइप-सीचं मानक प्रसिद्ध केलं. पण दोन्हीकडचा विचार चार्जिंगपाशी थांबला. यंत्राला वीज मिळाली की झालं! त्या यंत्रातलं काम दुसऱ्याला दाखवता आलं पाहिजे, हा ग्राहकाचा हक्क असू शकतो, हे कुणाच्या गावी नाही. इस्त्री बेहाल्यात घ्या की बारामतीत, तिचा प्लग भिंतीत बसतो, कारण प्लग आणि सॉकेटसाठी आयएस 1293 हे मानक आहे. पडद्याच्या बाबतीत असं का होऊ नये?

पश्चिम बंगाल सरकारची ‘तरुणेर स्वप्न’ योजना आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या उच्च माध्यमिकच्या मुलांना टॅब किंवा मोबाइल घेण्यासाठी तिच्यात दहा हजार रुपये मिळतात. योजना चांगली आहे. पण दहा हजारांच्या मोबाइलमधून टाइप-सीवाटे चित्र सहसा बाहेर येतच नाही. महागडा फोन घेणाऱ्याचं काम पडद्यावर दिसणार आणि सरकारी पैशातून फोन घेणाऱ्याचं त्याच्या तळहातावरच राहणार. ही विषमता एका पोर्टाने केलेली आहे.

‘वायरलेस वापरा,’ असं सांगणारे शहाणे मला भेटतात. अ‍ॅपलचं एअरप्ले वेगळं, गूगलचं कास्ट वेगळं, विंडोजचं मिराकास्ट वेगळं. बहुतेक वेळा दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर असावी लागतात आणि पाहुण्याला कॉलेजचा पासवर्ड कुणी देत नाही. जुन्या प्रोजेक्टरला यासाठीही वेगळी डोंगल घ्यावी लागते. म्हणजे पुन्हा दुकान, पुन्हा भुर्दंड.

आणि संस्थांनो, तुम्हीही सुटत नाही. उच्च शिक्षण संस्थांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात आयसीटी, म्हणजे माहिती-तंत्रज्ञानाच्या सुविधा असलेल्या खोल्यांची टक्केवारी विचारली जायची, म्हणून छताला प्रोजेक्टर लटकले. खोली मोजून झाली, की केबलकडे कुणी बघत नाही. लाखभर रुपयांच्या यंत्रासाठी पाचशे रुपयांचे दोन चांगले अ‍ॅडाप्टर टेबलाला साखळीने बांधून ठेवणं तुम्हाला परवडत नाही? पिन वाकलेली केबल बदलायला कोणत्या समितीची मंजुरी लागते? जोडणी झाली नाही म्हणून गुण कापायचेच असतील, तर विद्यार्थ्याचे कापू नका, संस्थेचे कापा.

माझ्या मागण्या साध्या आहेत. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक लॅपटॉप, टॅब आणि मोबाइलच्या खोक्यावर चित्र कोणत्या पोर्टातून जातं, हे ठळक छापलं पाहिजे. लॅपटॉपला पूर्ण आकाराचं एचडीएमआय नसेल, तर चालणारा अ‍ॅडाप्टर त्याच किमतीत खोक्यात आला पाहिजे. सरकारी खरेदीच्या निविदेत ही अट घाला, कंपन्या वठणीवर येतील. सुट्या अ‍ॅडाप्टरवर बनवणाऱ्याचं नाव, दिशा आणि हमी छापणं बंधनकारक करा.

आणि वाचकांनो, पुढचा लॅपटॉप घेताना विक्रेत्याला विचारा: या पोर्टातून पडद्यावर चित्र जातं का, आणि तसं बिलावर लिहून देता का? लिहून देत नसेल, तर पैसे खिशात ठेवा आणि दुकानातून बाहेर पडा.