अंगण वाकडं की पाय?

बालमित्रांनो, आमच्या चिपळूणकडे शिमग्याच्या जत्रेत फुगे फोडायचा स्टॉल दिसला की मुलांचे पाय तिथेच थबकतात. पाच छर्रे मारायचे, पाचही वाया! मग बंदूक ठेवता ठेवता आपण म्हणतो, "हिचा नेमच वाकडा आहे!" आणि मागून आजी म्हणते, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

पण थांबा हं. कधी कधी अंगण खरंच वाकडं असतं.

ओळखायचं कसं? एकाच फुग्यावर नेम धरून पाच छर्रे मारा आणि ते फळीवर कुठे लागतात ते बघा. पाच दिशांना पाच गेले, तर आधी हात स्थिर करायला हवा. पण पाचही डावीकडेच, जवळजवळ लागले तर? एक तर बंदूक डावीकडे मारते, नाहीतर तुम्ही दर वेळी चाप झटकन ओढून नळी डावीकडे ढकलता. आता तीच बंदूक नेम चांगला असलेल्या काकांच्या हातात द्या. त्यांचेही छर्रे डावीकडे गेले, तर आजीला जरूर सांगा!

स्पर्धेच्या रायफलीवर मागच्या बाजूला डोळा लावायचं बारीक भोक असतं. त्याला साईट म्हणतात. गोळी उजवीकडे न्यायची तर साईट उजवीकडे सरकवायची. सोपं आहे ना? खरी गोम इथेच आहे. दोष चाप ओढण्यात असताना साईट सरकवली, तरी गोळ्या मधोमध लागू लागतात. पण ज्या दिवशी तुम्ही चाप अगदी बरोबर, हळुवार दाबाल, त्याच दिवशी गोळी उजवीकडे जाईल! एअर रायफलच्या निशाणावरचा मधला ठिपका तर अवघा अर्धा मिलिमीटरचा. तिथे ही लपवाछपवी किती दिवस टिकणार?

मग रायफलीला हातच लावायचा नाही का? छे! कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलच्या ज्या प्रकारात कांस्यपदक जिंकलं, त्यात गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून नेम साधायचा असतो. दर वेळी खांदा आणि मान वेगळ्या जागी. म्हणून नेमबाज दस्त्याचं टोक, गाल टेकायची पट्टी आपल्या मापाने बसवून घेतात. वारा असला तर साईटही सरकवतात. त्यात कसली आलीय लबाडी?

आणि आईबाबा, डावखुरी मुलगी कागद वेडावाकडा कापते म्हणून रागावण्याआधी तिच्या हातातली कात्री बघा. नेहमीची कात्री उजव्या हातासाठी बनवलेली असते. डाव्या हातात धरली की पात्याआड रेघ दिसेनाशी होते. डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते.