कांद्याला व्हिसा कोण देणार?

८ डिसेंबर २०२३ची सकाळ. पुण्यातल्या खोलीत मी अजून अंथरुणातच होतो. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावाहून नानांचा फोन आला. "लिलाव बंद पडलेत. ट्रॉली भरून उभी आहे. तुझ्या मोबाइलमध्ये काय म्हणतात बघ."

मोबाइलमध्ये सगळीकडे एकच बातमी होती. केंद्र सरकारने कांद्याची निर्यात ३१ मार्चपर्यंत बंद केली होती.

उन्हाळ कांदा असता तर चाळीत ठेवून वाट पाहिली असती. पण हा लाल कांदा होता आणि तो टिकत नाही. दहा-बारा दिवसांनी विकला तेव्हा भाव निम्म्यावर आला होता. वडील मजुरी आणि ट्रॅक्टरचं भाडं चुकतं करून घरी आले. मला फोनवर एवढंच म्हणाले, "आपला गुन्हा काय झाला रे?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी चार वर्षं मागे गेलो.

४ नोव्हेंबर २०१९. बँकॉक. आसियानचे दहा देश, चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यासोबतच्या आरसेप या व्यापार कराराच्या वाटाघाटींतून भारत बाहेर पडला. पंतप्रधानांनी गांधीजींच्या त्या प्रसिद्ध कसोटीचा दाखला दिला: सगळ्यात शेवटच्या माणसाचा चेहरा आठवा. तो चेहरा शेतकऱ्याचा होता, असं आपल्याला सांगण्यात आलं. न्यूझीलंडची दूध पावडर आपल्या गोठ्यांवर कोसळणार होती, ती अडवली म्हणून टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

ती भीती खोटी नव्हती. आपल्याकडे दोन-चार गाई सांभाळणारं कुटुंब आहे, तिकडे बहुतेक सगळं दूध निर्यातीसाठीच काढणारा देश आहे. ही कुस्ती बरोबरीची नाही. पण त्यावर उपाय होता. दूध कराराबाहेर ठेवता येतं. ऑस्ट्रेलियाबरोबर डिसेंबर २०२२मध्ये आपला करार लागू झाला, त्यात दुग्धजन्य पदार्थ बाहेरच ठेवले.

आणखी एक गोष्ट बघा. त्या पंधरा देशांपैकी आसियान, जपान आणि कोरियाशी आपले करार आधीपासून होते. ऑस्ट्रेलियाशी नंतर झाला. म्हणजे खरी भीती चीनची होती. मग बाहेर राहून चीन थांबला का? २०१९-२०मध्ये चीनबरोबरची आपली व्यापारतूट सुमारे ४९ अब्ज डॉलर होती. २०२४-२५मध्ये ती सुमारे ९९ अब्ज झाली. दाराला कुलूप लावलं आणि माल खिडकीतून आत आला.

आता त्याच वर्षीचा दुसरा निर्णय आठवा. बँकॉकच्या महिनाभर आधी, २९ सप्टेंबर २०१९ला, याच सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला शेख हसीना दिल्लीत आल्या आणि हसत हसत म्हणाल्या की, मी माझ्या आचाऱ्याला सांगितलंय, कांदा वापरू नकोस. सभागृह हसलं. त्या विनोदात एक तक्रार होती: बंद करणार होतात तर आधी सांगायचं. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२०मध्ये, आपण पुन्हा न सांगता बंद केली.

म्हणजे ज्या शेतकऱ्याचा चेहरा आठवून आपण आशियाचा माल अडवतो, त्याच शेतकऱ्याचा माल आशियात जाऊ देत नाही. याला संरक्षण म्हणतात?

ऑगस्ट २०२३ ते एप्रिल २०२५ या वीस महिन्यांत कांद्याचा नियम निदान सात वेळा बदलला. आधी ४० टक्के निर्यात शुल्क, मग किमान निर्यात मूल्य, मग बंदी, मग बंदीला मुदतवाढ. ४ मे २०२४ला बंदी उठली, पण शुल्क आणि किमान मूल्य होतंच. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान २० मेला होतं, हा योगायोग तुम्हीच तपासा. ढाका, कोलंबो, क्वालालंपूरच्या व्यापाऱ्याने असा विक्रेता किती दिवस सांभाळायचा? तो चीनकडे जातो, पाकिस्तानकडे जातो. एकदा गेलेलं गिऱ्हाईक आपल्या सोयीने परत येत नाही.

लातूरच्या सोयाबीनवाल्याचं दुखणं याच्या उलट. कांद्याला बाहेर जाऊ देत नव्हते, आणि पामतेलाला इंडोनेशिया-मलेशियाहून आत यायला मोकळं रान होतं. सप्टेंबर २०२४पर्यंत कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ सीमाशुल्क शून्य होतं. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली. एप्रिल २०२२मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली तेव्हा आपण केवढी ओरड केली! ढाक्याच्या बाजारात आपल्याबद्दल तेच बोललं जातं.

दार उघडं असो की बंद, नियम एकच: शहरातलं ताट स्वस्त राहिलं पाहिजे.

तुम्ही म्हणाल, कांदा शंभर रुपये किलो झाला तर झोपडपट्टीतल्या बाईने काय करायचं? प्रश्न खरा आहे. मीही पुण्यात कांदा विकतच घेतो. पण तिचं ताट स्वस्त ठेवायचं तर त्याचा खर्च तिजोरीने उचलावा. माझ्या वडिलांच्या ट्रॉलीतून तो का काढायचा?

आरसेपमध्ये शिरावं की नाही, यावर शहाणी माणसं वाद घालू शकतात. पण आपल्याकडे असा करार संसदेच्या मंजुरीशिवाय होतो आणि मंजुरीशिवाय सोडलाही जातो. शेती हा राज्यांचा विषय, तरी महाराष्ट्राला कुणी विचारत नाही. माझं मागणं साधं आहे. निर्यातीचा नियम पेरणीआधी सांगा आणि काढणीपर्यंत पाळा. मध्येच मोडलात तर आदल्या दिवशीच्या भावाने माल उचला. आणि करार करायचा असो वा सोडायचा, आधी सभागृहात बोला.

नानांनी यंदाही कांदा लावलाय. परवा फोनवर विचारत होते, "या वेळी पाठवू देतील ना?" आजही मी त्यांना हो म्हणू शकलो नाही.